पहिल्यांदाच ऊस लावताय? आधी रान बघा, मग बेणं बघा, औषधाचं नंतर बघू

पहिल्यांदा ऊस लावणाऱ्या पोरांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "पान पिवळं पडलंय, कुठलं औषध मारू?" आणि दुकानदार काहीतरी दोन-तीन बाटल्या देतोच, पैसे जातात आणि ऊस आहे तसाच राहतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, उसातले जे खरे मोठे रोग आहेत म्हणजे काणी, गवताळ वाढ, लाल कुज, मर, हे मुख्यतः बेण्यातून, म्हणजे लावायला आणलेल्या उसातून, किंवा बिघडलेल्या रानातून येतात आणि एकदा उभ्या उसात आले की फवारून जात नाहीत. त्यामुळं हा लेख वाचताना तुम्हाला वाटेल रोगाचं कधी येणार, पण रान आणि बेणं हे दोन भाग नीट वाचा, निम्मं रोगनियंत्रण तिथंच होतं.

मी लिहितोय ते कृष्णा-वारणा-पंचगंगा पट्ट्यातल्या काळ्या रानाच्या हिशोबानं. मराठवाड्यात किंवा नगरकडं पाण्याचं गणित थोडं वेगळं पण बाकी गोष्टी सारख्याच.

पहिलं काम, खड्डा काढा

माती परीक्षणाच्याही आधी रानात एक खड्डा काढा, तीन फूट खोल, आणि जिथं पीक नेहमी कमी येतं अशा ठिकाणी काढा. खड्ड्याच्या कडेला बसून कड नीट बघा. वरची आठ-नऊ इंच माती भुसभुशीत दिसेल आणि त्याखाली एकदम घट्ट थर लागेल, चाकूचं टोक सहज जात नाही, जुन्या पिकाची मुळं तिथपर्यंत येऊन आडवी पसरलेली दिसतात. वर्षानुवर्षं फक्त रोटर मारला आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरल्या की असं होतं. तसा थर असेल तर उन्हाळ्यात रान पूर्ण वाळलेलं असताना सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं औजार, मारून घ्या. ओल्यात मारून काही उपयोग नाही, नुसती चीर पडते, थर फुटत नाही.

दुसरं बघायचं म्हणजे पाणी. पाऊसकाळ संपल्यावर किंवा पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी त्या खड्ड्यात तळाला पाणी पाझरून येतंय का? येत असेल तर तुमचा पहिला रोग तोच आहे. मुळांना हवा मिळत नाही, मुळं काळी पडतात, वरून पान पिवळं दिसतं आणि आपण युरिया टाकतो. आणि पाणी वर आलं की त्याच्याबरोबर क्षारही वर येतात, उन्हानं पाणी उडतं, क्षार वरच राहतात. शिरोळ, मिरज, वाळवा या भागात नदीकाठची चांगली चांगली रानं अशीच गेली, भरपूर पाणी, पाटानं वाहून दिलेलं पाणी, वर्षानुवर्षं उसावर ऊस आणि निचऱ्याला वाट नाही.

माती परीक्षण कसं करायचं आणि कागद आल्यावर काय बघायचं

नमुना घेताना रानात नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, एक फुटापर्यंतच्या कडेची माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात जमा करा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, असं करत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागेवर, विहिरीजवळ घेऊ नका. खत टाकल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यावर तर विश्वासच ठेवू नका.

रिपोर्ट आला की लोक एनपीके बघतात आणि बाकी कागद घडी घालून ठेवतात. तुम्ही आधी तीन आकडे बघा, सामू म्हणजे पीएच, क्षारता म्हणजे ईसी, आणि सेंद्रिय कर्ब. सामू 6.5 ते 7.5 असला तर उत्तम, आपल्या काळ्या रानात 8 च्या पुढं असतोच बऱ्याचदा. ईसी 1 च्या आत असेल तर काळजी नाही, 4 च्या पुढं गेली की रान क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. हा फरक समजून घ्या कारण उपाय वेगळा आहे. खाऱ्या रानात वर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसते, तिथं चर काढून निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार खाली धुवून घालवायचे. चोपण रान ओलं असताना चिकट साबणासारखं, वाळलं की दगड, पाणी वर साचून काळसर दिसतं, तिथं जिप्सम लागतं, किती ते परीक्षणाच्या रिपोर्टवर ठरतं, शेजाऱ्यानं चार पोती टाकली म्हणून आपण चार टाकायची असं नाही. आणि निचराच नसेल तर जिप्सम टाकून सुद्धा सोडियम जाणार कुठं? आधी चर, मग जिप्सम, मग ताग किंवा धैंचा, हा क्रम उलटा करू नका.

चर उघडे ठेवले तर रान अडतं म्हणून आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात. खर्चाचं काम आहे आणि एकट्यानं करून भागत नाही कारण पाणी शेवटी ओढ्याला किंवा नाल्याला सोडायचंय, मध्ये दुसऱ्याचं रान येतं, त्यामुळं शेजारी-पाजारी मिळून करा. आमच्या भागात जिथं लोक एकत्र आले तिथं पडीक पडलेल्या रानात परत ऊस उभा राहिलाय, हे डोळ्यानं बघितलेलं आहे.

सेंद्रिय कर्बाचं म्हणाल तर 0.5 च्या खाली असेल तर कुठल्याही खताचा पूर्ण उपयोग होत नाही. एकरी 8 ते 12 टन कुजलेलं शेणखत सांगतात, पण आता जनावरं कुठं राहिलीत, ट्रॉलीचा दर ऐकून माणूस मागं फिरतो. मग लागणीआधी ताग किंवा धैंचा पेरा, फुलावर यायच्या सुमारास म्हणजे दीड महिन्याचा झाला की गाडा. कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, मिळत असेल तर कंपोस्ट करून वापरा, गरम मळी तशीच सरीत टाकू नका. पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचं, पुढं खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत येणाऱ्या पिकात, सांगतो, तो तर फुकटचा खजिना आहे.

हंगाम आणि जात

आडसाली 15 जुलै ते 15 ऑगस्ट, पूर्वहंगामी 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर, सुरू 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी. पहिल्यांदा करणाऱ्याला माझा सल्ला पूर्वहंगामी करा, थंडीच्या आत उगवण होते, सोळा-अठरा महिने रान अडकत नाही आणि उत्पादन सुरूपेक्षा चांगलं येतं. पाणी उन्हाळ्यात खात्रीचं असेल तरच, नाहीतर आधी पाण्याचा विचार.

जातीत को 86032, 1996 पासून महाराष्ट्रात आहे आणि अजून सगळ्यात जास्त तीच दिसते. साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चांगला, खोडवा चांगला, पाण्याचा ताण सहन करते. फुले 265, म्हणजे कोएम 0265, ही पाडेगावच्या संशोधन केंद्राची, 2007 ची. वजन जबरदस्त आणि खाऱ्या-चोपण रानात पण तग धरते, पण सुरुवातीच्या गाळपात उतारा कमी म्हणून काही कारखाने तिची तोड उशिरा देतात, तेव्हा आधी आपल्या कारखान्याच्या शेती विभागात विचारून घ्या. नवीन जाती पण आल्यात, फुले 10001 लवकर पक्व होणारी आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या व्हीएसआय 08005 चं नाव ऐकाल. नवीन जात पहिल्या वर्षी थोड्या सऱ्यात लावून बघा, सगळं रान एकदम त्याच्यात घालू नका.

एकाच जातीवर सगळा भाग अवलंबून राहिला की काय होतं ते उत्तर प्रदेशानं बघितलंय. को 0238 ही जात तिथं इतकी चालली की जिकडं बघावं तिकडं तीच, आणि मग लाल कुजीनं तिला पकडलं तेव्हा लोकांना उभा ऊस मोडावा लागला. आपल्याकडं लाल कुज तेवढी नाही, पण परराज्यातलं बेणं "लई गोड आहे, लई जाड आहे" म्हणून गाडीतून घेऊन येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. बेण्याबरोबर काय येतंय ते दिसत नाही.

बेणं, ह्यात तडजोड नको

बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं पाहिजे, बेणे मळ्यातलं पाहिजे, खोडव्यातलं नको. बेणे मळा म्हणजे मुद्दाम बेण्यासाठी वाढवलेला ऊस. आपल्याकडं मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी तीन पायऱ्यांची पद्धत आहे, मूलभूत बेणं पाडेगाव किंवा मांजरीला व्हीएसआयमध्ये तयार होतं, ते उष्ण बाष्पयुक्त हवेत 54 अंशाला अडीच तास ठेवून प्रक्रिया केलेलं असतं, त्यानं गवताळ वाढ आणि काणीसारखे कांडीच्या आत बसलेले रोग आटोक्यात येतात. हे घरी करता येत नाही, म्हणूनच बेणं कुठून आणलं ह्याला एवढं महत्त्व. तीन-चार वर्षांनी बेणं बदला.

बेणं बघायला स्वतः जा, फोनवर सौदा करू नका. प्लॉटच्या आत शिरा, कडेच्या दोन सऱ्या बघून परत येऊ नका. कुठं चाबकासारखा काळा शेंडा दिसतोय का, कुठं गवतासारखं बारीक पांढरट बेट आहे का, एखादं जरी दिसलं तरी तो प्लॉट बेण्यासाठी नको, शेतकरी कितीही म्हणू दे की ते उपटून टाकतो. मग दोन-चार ऊस कोयत्यानं उभे चिरून बघा. आतला गर पांढराशुभ्र, रसरशीत पाहिजे. लाल रेघा, पोकळी, आंबट वास असलं काही असेल तर तिथूनच परत फिरा. डोळे, म्हणजे कांडीवरचे कोंब, फुगलेले पण फुटलेले नकोत, पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटलेला, तुरा आलेला, लोळलेला, पुरात बुडालेला ऊस नको.

रोपं घेणार असाल तर नर्सरीवाल्याला हेच विचारा की बाबा बेणं कुठलं. ट्रे हिरवागार दिसतो म्हणून रोप निरोगी असं काही नाही. पाच फुटी सरीत दोन फुटावर रोप लावलं तर एकराला 4,356 रोपं लागतात, तूट भरायला थोडी जास्त घ्या आणि महिना-सव्वा महिन्याचं रोप घ्या, ट्रेमध्ये मुळं गुंडाळी घालून बसलेलं जुनं रोप नको.

कांडी लावणार असाल तर दोन डोळ्यांची टिपरी, एकरी साधारण 10,000 लागतात. कोयता धारदार ठेवा, टिपरी चेंगरली की तिथूनच कुज शिरते. आता बेणेप्रक्रिया, ही लोक कंटाळा करून सोडतात आणि तिथंच फसतात. 100 लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम 100 ग्रॅम आणि मॅलेथिऑन 300 मिली, टिपऱ्या 10 ते 15 मिनिटं बुडवून ठेवायच्या. काढून सावलीत निथळू द्यायच्या. मग दुसरी प्रक्रिया जिवाणूंची, एकराला अॅसिटोबॅक्टर 4 किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू अर्धा किलो पाण्यात कालवून त्यात अर्धा तास. क्रम हाच, आधी रसायन मग जिवाणू, आणि दोन्ही एका बॅरलमध्ये कधीच नाही, जिवाणू मरतात. हातमोजे घाला, बायामाणसं उघड्या हातानं टिपऱ्या काढत असतात, हे बंद करा, शंभर-दोनशे रुपयांच्या मोज्यांसाठी कुणाच्या हाताची कातडी जाऊ देऊ नका. औषधांच्या शिफारशी अधूनमधून बदलतात, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचून आणि कृषी सहायकाला विचारून घेत चला.

लागण, खत, पाणी

मध्यम रानाला साडेतीन-चार फुटी सरी, भारी रानाला साडेचार-पाच फुटी. जुने लोक म्हणतील एवढी जागा मोकळी का सोडली, पण ऊन आत गेलं नाही तर फुटवे मरतात आणि हवा खेळली नाही तर पावसाळ्यात पानावरचे रोग हमखास. शेवटी एकरी चाळीस हजार गाळपालायक ऊस आणि प्रत्येकी दोन किलो वजन म्हणजे 80 टन, गणित इतकंच आहे, गर्दी करून वजन मिळत नाही. मधल्या पट्ट्यात सुरुवातीचे तीन महिने हरभरा, भुईमूग, कोथिंबीर असलं काहीतरी घ्या, घरखर्च निघतो आणि कडधान्य असेल तर रानालाही बरं. मका मात्र नको, सावली करतो आणि खत ओढतो.

खताचं सुरू उसाचं उदाहरण देतो. शिफारस एकरी नत्र 100, स्फुरद 46, पालाश 46 किलो. सुटी खतं घेतली तर युरिया साधारण 217 किलो म्हणजे 45 किलोची पावणेपाच-पाच पोती, सिंगल सुपर फॉस्फेट 50 किलोची पावणेसहा पोती, आणि म्युरेट ऑफ पोटॅश दीड पोतं. युरिया चार वेळा, लागणीला 10 टक्के म्हणजे 22 किलो, सहा ते आठ आठवड्यांनी 40 टक्के म्हणजे 87 किलो, बारा ते सोळा आठवड्यांनी परत 22 आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावताना, 87. स्फुरद-पालाश निम्मं लागणीला निम्मं बांधणीला. पूर्वहंगामीला नत्र 136, आडसालीला 160, स्फुरद-पालाश दोन्हीकडं 68-68. को 86032 खताला चांगला प्रतिसाद देते म्हणून तिला यापेक्षा 25 टक्के जास्तीची शिफारस आहे. पण हे सगळं माती परीक्षणाच्या पुढं नाही, रानात पालाश भरपूर असेल तर कमी करा.

युरियाचा मोह मात्र आवरा. ऊस काळाभोर हिरवा दिसतो, रस्त्यानं जाणारे थांबून बघतात, पण तो ऊस मऊ असतो, पावसाळ्यात लोळतो, तांबेरा, तपकिरी ठिपके, लोकरी मावा सगळे त्याच्यावरच आधी येतात. आणि बांधणीनंतर उशिरा नत्र टाकलं तर साखर पण कमी भरते.

चुनखडीच्या रानात कोवळी पानं पांढरट पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ह्याला लोक रोग समजतात, पण ही लोहाची कमतरता, आपल्याकडं केवडा म्हणतात. एकरी 10 किलो फेरस सल्फेट, लागलंच तर 8 किलो झिंक सल्फेट, दहापट शेणखतात मिसळून, ओलसर करून पाच-सहा दिवस सावलीत ठेवून मग सरीत द्या. नुसतं टाकलं तर चुनखडी ते धरून ठेवते, पिकाला काही मिळत नाही.

पाणी. उन्हाळ्यात 8-10 दिवसांनी, हिवाळ्यात 15 दिवसांच्या पुढं, ही साधारण पाळी, पण बोटात माती घेऊन बघा आणि द्या, वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी अवस्था, आल्याशिवाय परत पाणी नको. पाळी आलीय, लाईट आलीय म्हणून मोटर चालू करायची ही सवय रान खाते. ड्रिप शक्य असेल तर पहिल्या वर्षीच करा, पाणी जवळपास निम्मं लागतं आणि खत थेट मुळाशी जातं. लागणीनंतर दीड-दोन महिन्यांनी बाळबांधणी, साडेचार महिन्यांच्या सुमारास मोठी बांधणी, ती झाल्यावर रान आडवं-उभं एकसारखं करून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. रोपाच्या लागणीत जेठा, म्हणजे पहिला मुख्य, कोंब मोडला तर फुटवे एकसारखे येतात.

आता रोग, एकेक करून

दर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी उसातून एक फेरी मारा, हातात कोयता आणि खिशात एक मोठी प्लॅस्टिक पिशवी. पिशवी कशाला ते सांगतो.

काणी. पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, चाबकासारखा लांब काळा पट्टा बाहेर येतो, कधी फूटभर कधी चार फूट, सुरुवातीला त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो फुटला की आतली काळी पूड, म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्यानं सगळ्या रानात आणि शेजाऱ्याच्या रानात जातात. बेटातले ऊस बारीक, पानं अरुंद. उन्हाळ्यात आणि खोडव्यात जास्त दिसते. बघितल्यावर पहिली चूक लोक करतात ती म्हणजे चाबूक हातानं ओढून काढतात, पूड उडते. आधी पिशवी वरून अलगद घाला, खाली आवळून धरा, मग कोयत्यानं कापा, पिशवीचं तोंड बांधा. मग कुदळीनं ते सगळं बेट मुळासकट काढा आणि दोन्ही रानाबाहेर नेऊन जाळा. चाबूक कापून बेट ठेवलं तर दुसरा चाबूक येणारच, रोग आतमध्ये आहे. परत पंधरा दिवसांनी त्याच जागेच्या आसपास बघा.

गवताळ वाढ. एका बेटात पन्नास-साठ बारीक फुटवे, गवताच्या ठोंबासारखे, पानं पांढरट-पिवळसर, ऊस तयारच होत नाही. हा फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळं होतो, बेण्यातून येतो आणि तुडतुड्यांमुळं पसरतो. याला कुठलंही बुरशीनाशक चालत नाही, कोण औषध देत असेल तर घेऊ नका. बेट उपटा, जाळा, संपलं. लोहाच्या कमतरतेत आणि ह्याच्यात गोंधळ होतो, फरक फुटव्यांच्या संख्येत बघा.

लाल कुज. बाहेरून कळायला उशीर होतो, शेंड्याकडून तिसरं-चौथं पान कडेनं पिवळं पडून वाळायला लागतं, मग सगळा शेंडा. संशय आला की तो ऊस उभा चिरा, गर लाल आणि त्या लाल भागात आडवे पांढरे पट्टे दिसले, आणि नाकाजवळ नेल्यावर दारूसारखा आंबूस वास आला, तर ती लाल कुज. बेट काढा, जाळा, त्या रानातलं पाणी दुसऱ्या सरीत जाऊ देऊ नका, खोडवा ठेवू नका, कारखान्याला लवकर तोड मागा आणि पुढच्या वर्षी तिथं दुसरं पीक घ्या. मर रोगात पण ऊस वाळतो, पण चिरल्यावर रंग मातकट जांभळट-लाल आणि आत होडीसारखी पोकळी, आडवे पांढरे पट्टे नसतात, वासही तसा नसतो. पाण्याचा आधी ताण आणि मग साचणं असं झालं, किंवा हुमणी अळीनं मुळं खाल्ली, तर मर जास्त येतो.

पोक्का बोईंग. जून-जुलैचा पाऊस सुरू झाला की ह्याचेच फोटो सगळीकडं फिरतात. कोवळ्या पानांच्या बुडाशी पांढरट-पिवळे पट्टे, पानं सुरकुतलेली, एकमेकांत पिळलेली, आखूड. घाबरू नका, बहुतेक ऊस पाऊस उघडल्यावर आपोआप सावरतात. पण पोंगा कुजायला लागला, किंवा कांडीवर चाकूनं खाचा पाडल्यासारखं दिसलं तर मँकोझेब 30 ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड 20 ग्रॅम दहा लिटर पाण्याला, स्टिकर घालून, पोंग्यात जाईल असं मारा, पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. कुजलेले शेंडे काढून टाका.

तांबेरा आणि तपकिरी ठिपके. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं की विटकरी-नारंगी पूड बोटाला लागते, एवढी सोपी ओळख. तपकिरी ठिपक्यात लंबगोल लालसर-तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कड, जास्त पावसाच्या भागात, कोल्हापूरकडं वगैरे, भरपूर दिसतात. दोन्हीला खालची वाळलेली पानं काढून हवा खेळती करणं हा निम्मा उपाय आणि वर सांगितलंय तसं मँकोझेब. आठ-नऊ महिन्यांचा डोक्याच्या वर गेलेला ऊस असेल तर फवारणी नीट होतच नाही, म्हणून सुरुवातीलाच बघत चला.

2019 आणि 2021 च्या पुरात सांगली-कोल्हापुरात खूप जणांचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला. असा ऊस असेल तर पाणी ओसरल्यावर आधी चर काढून रान मोकळं करा, शेंडा कुजलेला असेल तर तो ऊस वाढत नाही, बाजूनं पांगशा फुटतात. शेंडा जिवंत असेल तर वाफसा आल्यावर थोडा नत्र-पालाश आणि बुरशीनाशक. पण त्या प्लॉटचं बेणं घेऊ नका आणि देऊही नका, भावकीतल्या माणसानं मागितलं तरी.

किडींमध्ये हुमणी एवढी एकच सांगतो कारण ती रान बसवते. मे-जूनला वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या झाडांवर बसतात. त्याच आठवड्यात रात्री फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका, प्रकाश सापळे लावा. एकट्याच्या रानात करून उपयोग नाही, सगळ्या शिवारात एकदम करा. मादी एकदा अंडी घालायला जमिनीत गेली की पुढचे तीन-चार महिने अळी मुळं खात बसते आणि तुम्हाला कळतं तेव्हा बेट हातानं उपसून येतं.

खोडवा ठेवताना

15 फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवा. काणी किंवा गवताळ वाढ बऱ्यापैकी होती, माझ्या हिशोबात शंभर बेटांत दहा-एक, तर ठेवू नका, मोडून टाका. रोग खोडव्यात दुप्पट होऊन येतो.

आणि पाचट पेटवू नका. एकराला तीन-चार टन पाचट निघतं, त्यात नत्र, स्फुरद, पालाश सगळं आहे, शिवाय सेंद्रिय कर्ब, आणि पेटवलं की वरच्या थरातले जिवाणू, गांडुळं सगळं मरतं. कुट्टी मशीन मिळालं तर बारीक करा, नाहीतर सरीत दाबून घ्या. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा म्हणजे कोंब खालून येतात, छाटलेल्या जागी कार्बेन्डाझिमचं पाणी फवारा. पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर शेणखतात मिसळून पसरा, मग पाणी द्या. खत पहारीनं द्या, बेटापासून अर्ध्या फुटाच्या आत, अर्धा फूट खोल भोक, फूट-फूट अंतरावर, भोक मातीनं बुजवा. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा 130-135 दिवसांनी. पाचट असल्यावर तण कमी येतं, ओल टिकते, एक-दोन पाण्याच्या पाळ्या वाचतात.

नव्या लागणीची नोंद कारखान्याकडं लागण झाल्या झाल्या करा, जात आणि तारीख बरोबर लिहून घ्या, त्यावरच तोडीचा क्रम लागतो. खोडव्याची नोंद वेगळी करावी लागते. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये होता, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत. वजनाची पावती जपून ठेवा.

दोन खोडवे झाले की रान मोडा. बुडखे नांगरून उन्हात पडू द्या, वेचून बाहेर काढा, आणि लगेच ऊस न लावता मध्ये सोयाबीन-हरभरा किंवा ताग घ्या, आणि ती पिकं निघाल्यावर खड्डा परत काढून बघा, पाणी किती खाली गेलंय ते.